बिनहँडलचा व्हॉल्व्ह

मित्रांनो, मला पाहून हसू नका. अंगभर घाव, आटे झिजलेले, आणि डोक्यावर मात्र कोरे करकरीत निळे हँडल! मी सिंदेवाहीजवळच्या एका गावातला जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. लटारूभाऊंच्या परसात उंच ओट्यावर पाण्याची टाकी आहे, तिच्या बुडाशी मी बसतो. टाकीतल्या पाण्याला माझ्याशिवाय बाहेरची वाट नाही, याचा मला फार ताठा होता.

लटारूभाऊंच्या बायकोने, गिरजाबाईंनी, मला लेकरासारखे जपले. आठवणीने तेलाचा थेंब सोडत, दोन बोटांनी फिरवत. त्या वारल्या आणि माझे दिवस फिरले. तेलावाचून मी आखडलो. त्यांचा मुलगा प्रफुल तापट. मी चटकन फिरलो नाही की तो हातोडी घेऊन तुटून पडे. एके दिवशी हँडलचे दोन तुकडे होऊन चिखलात पडले. मग लोखंडी पकड आली. तिने माझ्या चौकोनी दांड्याचे कोपरे चावून चावून गोल केले.

"अवो, नवीन हँडल बसवून टाका नं," त्याची बायको साधना म्हणे.

"पकडीनं खुलते नं? मंग कायले पायजे!"

मोहफुले गळायचे दिवस आले. फुले नीट वेचता यावीत म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा पेटवतात. प्रफुलनेही परसामागच्या मोहाखाली भर दुपारी काडी ओढली. नेमका वारा सुटला. आग कुंपणावरून तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर गेली आणि त्याला लागून असलेला आमचा गोठा धडधडून पेटला. आत गाय आणि चार दिवसांचे वासरू बांधलेले. दारातच जाळ, आत शिरायची सोय नाही.

साधना पाइप घेऊन माझ्याकडे धावली. "पकड कुठी हाये?"

"वावरात रायली!" प्रफुल ओरडला. तो पळसाच्या फांदीने आग झोडपत होता.

तिने नुसत्या हातांनी मला धरले. मी हलेना. तिने दगड घातला, पुन्हा घातला, मग पदर गुंडाळून पिळले. तिच्या तळहातांची सालटी निघाली, रक्त माझ्या अंगावरून ओघळले. मित्रांनो, टाकी तुडुंब भरलेली होती! पाणी माझ्या पाठीशी दाटले होते आणि मी तोंड मिटून होतो. गाय दावे तोडून, भाजलेल्या पाठीने जाळातून बाहेर आली. वासरू हंबरत राहिले. अखेर मी फिरलो, तेव्हा छप्पर कोसळले होते आणि हंबरणे थांबले होते.

दुसऱ्या दिवशी प्रफुलने हे हँडल आणले. गोल झालेल्या दांड्याला कानशीने घासून पुन्हा कोपरे पाडले, हँडल बसवले, नट आवळला, तेल सोडले. चुलीवरचा चहा उकळायच्या आत काम संपले.

"येवढंच होतं काय रे?" लटारूभाऊंनी विचारले. प्रफुल माझ्यावर कपाळ टेकून रडला. मला त्याचा राग होता, तरी त्या वेळी वाईट वाटले.

आता सकाळी तोच मला उघडतो, कारण साधनाचे हात अजून बांधलेले आहेत. गाय पाण्यावर येते, पण आधी जळक्या गोठ्याकडे तोंड करून हंबरते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी बिनहँडलचा असेल, तर त्याला आजच हँडल बसवा. उद्या पकड वावरात राहिलेली असेल.