बाईसाहेबांचं पथ्य

गाय एक, जावा दोन, आणि धारेच्या वेळाही दोन. सकाळची धार थोरलीची, संध्याकाळची धाकटीची. ही वाटणी होऊन महिना झाला होता आणि तेवढ्यात घरावर नवल कोसळलं होतं. सकाळी बादली फेसानं भरायची. संध्याकाळी तीच गाय, तोच चारा, तोच गोठा, पण दूध मात्र मांजरालाही पुरू नये इतकं. वर लाथ. गाईला घरात सगळे बाईसाहेब म्हणत, आणि बाईसाहेबही त्या नावाला जागत होत्या.

खरं कारण दोघींनाच ठाऊक होतं, बाईसाहेबांना आणि थोरलीला. बाईसाहेबांना बोलता येत नव्हतं आणि थोरलीला बोलायचं नव्हतं.

थोरली डावखुरी. पहिल्या वेतापासून ती गाईच्या डाव्या अंगाला बसायची, आधी पाठीवरून हात फिरवायची आणि देवाचं एखादं गाणं गुणगुणत धार काढायची. गाईला तेच वळण पडलेलं. धाकटी बसायची उजव्या अंगाला, तीही मुक्यानं. आता एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? थोरली पहिल्याच दिवशी सांगायला गेलीही होती, पण धाकटी म्हणाली, "मला येतं हो ताई. माहेरी दोन गाई होत्या आमच्या." झालं, थोरलीनं तोंडाला कुलूप घातलं. धाकटीचं शिवण सुबक, अक्षर सुबक, सगळ्या घराला तिचं कौतुक. थोरलीचा मान काय तो त्या एका बादलीत उरला होता.

मग एके दिवशी थोरलीच्या नवऱ्यानं सांगून टाकलं, "एका वेळच्या दुधासाठी दोन वेळचा चारा घालणं मला जमायचं नाही. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक बोलावतो."

थोरली तडक गोठ्यात गेली. या गाईची आई वेतातच गेली तेव्हा तिनंच हिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पण महिनाभर दडवलेली गोष्ट आता सांगायची तरी कुठल्या तोंडानं?

जनावरांचे डॉक्टर आधीच येऊन गेले होते. कास ठीक, सड ठीक, आजार काही नाही, असं सांगून. तेव्हा धाकटी होमिओपॅथीच्या डॉक्टरांना घेऊन आली. हे माणसांची सर्दी आणि जनावरांचं पोट एकाच पेटीतून बरं करत. गोठ्यात पालथ्या बादलीवर बसून त्यांनी वही उघडली.

"स्वभाव कसा आहे?"

"कुणाचा?" थोरली दचकली.

"गाईचा हो."

"मानी आहे," धाकटी म्हणाली.

"मनात ठेवते?"

"ठेवते," थोरली जमिनीकडे बघत म्हणाली. "पण मनानं वाईट नाही."

"कौतुक केलेलं आवडतं?"

"फार," धाकटी म्हणाली. थोरलीनं चपापून तिच्याकडे पाहिलं, पण ती गाईकडेच बघत होती.

"स्वप्नं पडतात का, झोपेत दचकते का?"

"विचारलं नाही कधी," थोरली म्हणाली.

डॉक्टरांनी ते 'माहिती नाही' असं इमानदारीनं लिहून घेतलं. मग चार-चार साबुदाण्याएवढ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. धाकटी पाणी आणायला आत गेली तेवढ्यात त्यांनी पथ्य सांगितलं: गोळीला हात लावायचा नाही, टोपणातून जिभेवर सोडायची, आणि जवळपास बाम, कापूर, अत्तर असा उग्र वास नको.

ते गेल्यावर धाकटीनं विचारलं, "पथ्य काय म्हणाले?"

आणि थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बरंच आहे बाई. बाम नको, अत्तर नको. गोळ्या तूच द्यायच्या, हात न लावता बाटलीच्या टोपणातून. आणि धार काढताना गाईच्या डाव्या अंगाला बसायचं."

"ते कशाला?"

"औषध डावीकडून चढतं. आधी पाठीवरून हात फिरवायचा. आणि तोंडानं काहीतरी गात राहायचं, देवाचं असलं तर उत्तम."

"डॉक्टर असं म्हणाले?"

"मोठा भाविक माणूस आहे," थोरली म्हणाली आणि लगेच मनातल्या मनात देवापुढे कान धरले. देवा, खोटं बोलल्याची शिक्षा मला कर, हवी तेवढी कर, पण ते गिऱ्हाईक तेवढं धाडू नकोस.

पहिल्या दिवशी लाथ थांबली. तिसऱ्या दिवशी अर्धी बादली झाली. सहाव्या दिवशी बाईसाहेब डोळे मिटून रवंथ करत होत्या आणि धाकटीच्या मांडीपर्यंत फेस उडत होता.

"गोळ्यांत दम आहे," थोरलीचा नवरा म्हणाला. "उद्या सातवा दिवस. उद्याही टिकलं तर गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवतो."

सातव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर आले, गाईकडे बघून खूश झाले आणि वही मिटत म्हणाले, "औषध संपलं. आता पथ्यही सोडा." कुणाच्या तरी पोपटाला बघायचं होतं, म्हणून ते घाईनं गेलेही.

थोरलीचा नवरा गोठ्याच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. धाकटीनं स्टूल उचललं आणि वळसा घालून उजव्या अंगाला नेऊन ठेवलं.

"सुटले बाई एकदाची. डावीकडे बसून मनगट भरून आलं होतं."

बाईसाहेबांनी कान मागे टाकले. मागचा पाय अलगद उचलला.

थोरलीनं एकदा त्या पायाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"थांब," ती म्हणाली. "पथ्य सुटलेलं नाही."

"डॉक्टर आत्ताच म्हणाले की."

"त्यांचं सुटलं. हे माझं होतं." आणि मग डावी बाजू, गाणं, माहेरच्या दोन गाई, सगळं तिनं एका दमात ओकून टाकलं. शेवटी पदरानं नाक पुसलं.

नवऱ्यानं हाताची घडी सोडली. "म्हणजे गाय धडधाकट आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि मी महिनाभर संध्याकाळचा चहा बिनदुधाचा पितोय." तो पुटपुटत गिऱ्हाइकाला फोन करायला निघून गेला.

धाकटीनं स्टूल परत डाव्या अंगाला आणलं, बसली, गाईच्या पोटाला कपाळ टेकवलं. तिचे खांदे हलायला लागले.

"रडू नकोस गं," थोरली कळवळली. "चुकलं माझं. पाया पडू का तुझ्या?"

धाकटीनं मान वर केली. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ताई, गोळ्या गाईनं खाल्ल्याच नाहीत. पहिल्याच दिवशी बाटली माझ्या हातातून निसटली आणि कोंबड्यांनी सगळ्या टिपल्या. तुम्ही काय म्हणाल या भीतीनं सात दिवस मी रिकामं टोपण तिच्या तोंडाशी धरत होते."

थोरली गवताच्या भाऱ्यावर टेकली.

"सगळ्या खाल्ल्या?"

"सगळ्या. बघा ना कोंबड्या, किती गुणाच्या झाल्यात. एकही काही मनात ठेवत नाही."

थोरलीनं तिच्या पाठीत हलकेच एक धपका घातला.

"गा आता," ती म्हणाली. "गाय खोळंबलीय."