त्रेचाळीस दिवस चालू

सकाळी साडेनऊला मोनिकानं लॅपटॉपचं झाकण उघडलं. दहा वाजले तरी पडद्यावरचा गोल आपला फिरतोच आहे. बाण एका जागी खिळलेला. तिनं एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग दाबतच सुटली. यंत्र हूं की चूं करेना. आतला पंखा मात्र असा घरघरत होता, की घरात पिठाची गिरणी आणून ठेवली आहे असं वाटावं.

"आण्णा, काय केलंत याला?"

तिचे सासरे, कानिफनाथ खर्डे, ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "म्या काय करणार? तुझ्या भावानं भंगार गळ्यात बांधलंय. त्याला इचार."

"कालपर्यंत चालत होतं."

"भंगारबी कालपर्यंत चालतच असतं."

आतून सासूबाई, छबूबाई, ओरडल्या, "सकाळच्या पारी सुरू झाले का दोघं! आज तिची मुलाखत हाय, आज तरी तोंडं मिटा."

मुलाखत दुपारी दोनला होती. कर्जतकडची एक निवासी शाळा, विज्ञानाच्या शिक्षिकेची एक जागा, आणि उमेदवार सतरा. चारजण तिकडून पडद्यावर बघणार, आणि मोनिकानं एक धडा शिकवून दाखवायचा. नुसतं बोलून भागणार नव्हतं. तिनं महिनाभर खपून केलेली चित्रं पडद्यावर दाखवायची होती, म्हणून मोबाईलचा उपयोग नव्हता. दोनला जो समोर येणार नाही, त्याला पुन्हा बोलावणार नाही, असं त्यांनी लिहूनच कळवलेलं.

जागा मिळाली तर जूनमध्ये ती कर्जतला राहायला जाणार, आणि सहा वर्षांची मुलगी ज्ञानेश्वरी तिच्याबरोबर. मोनिकाचा नवरा ओम दुधाच्या टँकरवर असतो, तीन-तीन दिवस घरी नसतो. त्याचं म्हणणं, जाऊ दे तिला. छबूबाईंचंही तेच. आडवे होते ते एकटे आण्णा. त्यांनी ते लपवलंही नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना ताट सरकवून म्हणाले होते, "पोरीला घेऊन कशी जाती तेच बघतो."

हे वाक्य मोनिका विसरली नव्हती. आज लॅपटॉप अडला, तसं ते पुन्हा वर आलं. तिनं संगमनेरला लॅपटॉपचं दुकान चालवणाऱ्या भावाला, हर्षलला, फोन लावला. मोठ्यानं, ओट्यावर ऐकू जाईल असा. "स्लो झालाय रे दादा. काय झालंय माहीत नाही. कोणी काय केलंय तेही माहीत नाही."

आण्णांनी तंबाखू तोंडात टाकली. आतून मात्र ते पेटले. कारण त्या यंत्राची निगा घरात दुसरं कोणी राखत नव्हतं, तेच राखत होते.

आण्णा साखर कारखान्यावर एकतीस हंगाम बॉयलरचे फायरमन होते, आग राखणारे. गाळप सुरू झालं की बॉयलर थंड होऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. दर तासाला प्रेशर बघायचं, लॉगबुकात लिहायचं. या लिहिण्यापायी चाळिसाव्या वर्षी ते अक्षरं शिकले. त्याआधी दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे, आणि तो दुसरा हसत असे.

संक्रांतीच्या दिवशी मोनिका वाण द्यायला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "आण्णा, माझा धडा उघडा आहे. बंद करू नका हं." तिच्या मनात तासाभराची गोष्ट. पण बॉयलरवर हुकूम दिला की तो मागं घेईपर्यंत चालू असतो, आणि हा हुकूम कोणी मागं घेतलाच नाही. मोनिका संध्याकाळचं काम आटोपलं की झाकण मिटायची आणि लॅपटॉप आण्णांच्या कोपऱ्यात ठेवायची. बंद-बिंद आण्णा करत असतील, असं ती धरून चालली होती. आण्णा काय करत? वायर लावून ठेवत. दर दोन तासांनी झाकण उचलून बोट फिरवत. थंडीचे दिवस म्हणून खाली छबूबाईंची गोधडी, वरून घोंगडीचा तुकडा. ज्ञानेश्वरीसाठी मोनिकानं अक्षरं मराठीत करून ठेवली होती. मधूनच पडद्यावर चौकट यायची, आता रीस्टार्ट करा किंवा नंतर. आण्णा चष्मा लावून दोन्ही शब्द नीट वाचत आणि 'नंतर' दाबत.

बाराला हर्षल लोणीमार्गे मोटारसायकलवर आला. धुळीनं भरलेला, चिडलेला.

"या पाव्हणं," आण्णा म्हणाले. "बघा तुमची देणगी."

"देणगी चांगलीच होती आण्णा. ठेवणारे कसे आहेत ते बघायला आलोय."

"एवढ्या लांबून बघायला आलात? दुकानात गिऱ्हाईक न्हाई वाटतं."

"दादा, तू त्यांच्या नादी लागू नको," मोनिका म्हणाली. "बारा वाजून गेलेत. दुकानातला दुसरा लॅपटॉप नाही आणलास?"

"तू स्लो म्हणालीस. हा तर मेल्यात जमा आहे." हर्षलनं हात लावला आणि झटकन मागं घेतला. "केवढा तापलाय! आता जाऊन दुसरा आणायचा म्हणजे तीन वाजतील. धडा सेव्ह केलास?"

"परवा केला होता. कालची चित्रं राहिलीत."

हर्षलनं एकेक उघडी खिडकी बंद करायला घेतली. एका खिडकीला पाच-पाच मिनिटं लागत होती. शेवटी धडा सेव्ह झाला. मग त्यानं बोट बंद करायच्या बटणाकडं नेलं, आणि आण्णांनी ओट्यावरून उठून त्याचं मनगटच धरलं.

"बंद करायचा न्हाई!"

"आण्णा, हात सोडा."

"बंद केला तर पुन्हा पेटवायला किती येळ लागंल, हाय का ठावं तुला?"

"त्याचा हात सोडा!" मोनिका ओरडली. छबूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

हर्षलनं मनगट सोडवून घेतलं. आण्णांकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आण्णा, हा शेवटचा कधी बंद केला होता?"

"का?"

"सहज." त्यानं दोन-तीन बटणं दाबली. बराच वेळ काही नाही. मग एक पान उघडलं, त्यावर बारीक आकडे. "चालू केल्यापासून किती वेळ झाला ते इथं दिसतं. पहिला आकडा दिवसांचा. वाचा."

आण्णांनी चष्मा लावला. वाकून वाचलं. "त्रेचाळीस."

आणि त्यांना राहवलं नाही. छाती फुगली. "बघ! त्रेचाळीस दिवस! एकदाबी थंड होऊ दिला न्हाई. मधी दोनदा लाईट गेली, तरी न्हाई. हाय तुझ्या दुकानात असा एक तरी माणूस?"

पंखा तेवढा घरघरत होता.

"म्हणजे तुम्हीच," मोनिका म्हणाली.

"म्हंजी?"

"अहो, याला बंद करावं लागतं आण्णा!" हर्षल म्हणाला. "रोज नाही, आठवड्यातून तरी. कामाचा सगळा कचरा आत साठत जातो. नवीन दुरुस्त्या येऊन दारात थांबतात. तुम्ही त्यांना दारातच उभं केलं त्रेचाळीस दिवस."

"त्यांना माहीत होतं," मोनिका म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला होता, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "कशी जाती ते बघतो म्हणाले होते. दाखवलंत, आण्णा."

"तू सांगितलंस बंद करू नका म्हणून!"

"मी? कधी?"

"सक्रांतीला. वाण द्यायला निघालीस तवा."

"एका तासासाठी सांगितलं होतं!"

"तासाचं कुठं म्हणालीस? नुसतं बंद करू नका म्हणालीस. मग बंद करा म्हणून कधी सांगितलंस?"

"हे कोणाला पटेल का? तुम्हीच सांगा, आई."

छबूबाई नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "मला पटतंय गं. ह्यांच्या डोक्यातला बॉयलर अजून इझला न्हाई." पण मोनिकानं तोंड फिरवलं. तिला ते पटलेलं नव्हतं, आणि आण्णांना तेच लागलं. तिनं भांडावं, दोन शब्द जास्त बोलावं, त्याचं काही नाही. पण काम बिघडवणारा माणूस म्हणून त्यांच्याकडं आजवर कोणी बघितलं नव्हतं.

पाऊण वाजला. हर्षलनं लॅपटॉप बंद केला, उलटा घातला आणि स्क्रू काढले. मागचं झाकण निघालं. आतल्या जाळीवर जाड थर होता. लाल, निळा, पिवळा. गोधडीच्या लुगड्यांचा सुती धागा सगळा पंख्यानं ओढून घेतलेला.

आण्णा वाकले. एकदाच बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. ट्यूबांवर काजळी धरली की कितीही जाळा, बॉयलर नुसता तापतो, काम करत नाही. हे ते नवीन पोरांना शिकवायचे. शिव्या देऊन शिकवायचे.

"धुराडं तुंबलंय," ते म्हणाले.

"ब्लोअर नाही आणला मी," हर्षल म्हणाला. "ब्रशनं निघतं का बघू."

"ब्रशनं आत जाईल आणखी. थांब." आण्णा आत गेले आणि सायकलचा पंप घेऊन आले.

"त्यांना हात लावू देऊ नको, दादा."

"त्यांनाच लावू दे," हर्षल म्हणाला. "आण्णा, जपून. पंख्याचं पातं फिरता कामा नये."

आण्णांनी एका हातानं आगपेटीची काडी पात्यात अडकवून धरली. हर्षलनं पंप मारला. धाग्याचा गोळा भसकन बाहेर आला. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडं बघितलं नाही. आण्णा फक्त "आता डावीकडनं" म्हणत होते आणि हर्षल डावीकडून मारत होता.

सव्वा वाजता झाकण बसलं. लॅपटॉप सुरू केला, तसं दारात थांबलेलं सगळं आत शिरायला लागलं. पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं आली. आण्णांनी ती मोठ्यानं वाचली. "अद्यतन सुरू आहे. तुमचा संगणक बंद करू नका." मग मोनिकाकडं वळून म्हणाले, "बघ. त्योबी तेच सांगतोय."

छबूबाईंना हसू फुटलं. मोनिका हसली नाही.

बारा टक्के. एकोणीस टक्के. सारखी तापून बॅटरी दमलीय, आता वायर निघाली तर पाच मिनिटंही टिकायची नाही, असं हर्षलनं बजावलं होतं. आण्णा भिंतीला टेकून बसले होते, आणि वायरची पिन त्यांच्या खांद्याशी होती. उन्हाच्या तिरिपेत पिनेवरचा लाल दिवा दिसत होता. मोनिकानं ते बघितलं. उठली, आणि आण्णा आणि पिन यांच्या मधल्या वीतभर जागेत येऊन उभी राहिली. पदर खोचून, हाताची घडी घालून.

आण्णांना कळलं ती तिथं का उभी आहे. पिन ओढायला एक बोट पुरलं असतं. तेवढ्यानं जून आला असता आणि गेला असता, ज्ञानेश्वरी याच ओट्यावर पाटी घेऊन बसली असती. हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, चांगला दोन-तीन मिनिटं थांबला. पण चालत्या कामाची आग कोणी मुद्दाम विझवत नाही. असं करणाऱ्या एका माणसाला त्यांनी भर हंगामात बॉयलर हाऊसच्या बाहेर हाकललं होतं.

"उभी कशाला ऱ्हातीस," ते म्हणाले. "म्या उठतो." आणि उठून अंगणात जाऊन बसले. कारखान्याचं धुराडं तिथून दिसत होतं. हंगाम अजून चालू होता.

एक वाजून बावन्न मिनिटांनी आतून हर्षलचा आवाज आला, "झालं! झालं!"

मग दार लागलं. दारामागून मोनिका शिकवायला लागली. रोपाचं मूळ पाणी कसं ओढतं ते. आण्णा अंगणात बसून ऐकत होते. चांगली शिकवत होती. घाई नाही, अडखळणं नाही, मध्येच मुलांना विचारावं तसं विचारत होती. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

पावणेतीनला दार उघडलं. "सोमवारी मूळ कागद घेऊन बोलावलंय," ती म्हणाली. भावाला सांगितलं, सासूला सांगितलं. आण्णा दारात उभे होते, त्यांना सांगितलं नाही. पण लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला.

"बंद करा."

"तूच कर."

"नाही. तुम्ही. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

आण्णांनी चष्मा लावला. 'बंद करा' हे शब्द शोधले आणि बोट टेकवलं. पंखा थांबला, दिवा गेला. घरात एकदम एवढी शांतता झाली, की छबूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. मोनिकानं लॅपटॉप उचलला, बॅगेत घातला आणि चेन सर्रकन ओढून बॅग स्वतःच्या खोलीकडं न्यायला लागली. तो कोपरा रिकामा झाला.

"कर्जतला नेशील तवा त्याच्याखाली गोधडी घालू नको," आण्णा मागून म्हणाले.

"माहीत आहे मला."

"आज कळलं. काल माहीत नव्हतं."

ती बॅग घेऊन खोलीत गेली.

आण्णांनी कोनाड्यातून जुनी वही काढली. त्यात संक्रांतीपासून दर दोन तासांची नोंद होती. सहा वाजता चालू. आठ वाजता चालू, गरम. दहा वाजता चालू, सुनेचा धडा उघडा आहे. ही वही त्यांनी मघाशी दाखवली असती तर कदाचित काही फरक पडला असता. पण विचारल्याशिवाय वही दाखवायची, म्हणजे चोर ठरल्यासारखं.

बॉयलर बंद केला की लॉगबुकात वेळ आणि कारण लिहावं लागे. एकतीस हंगामांत आण्णांनी कारण कधी पाण्याचा फीडपंप लिहिलं, कधी उसाचा ओला भुसा, कधी शिफ्ट इंजिनिअर. स्वतःचं नाव त्या रकान्यात त्यांनी कधी येऊ दिलं नव्हतं, यायला हवं होतं तेव्हाही.

त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, 'दुपारी २ वाजून ५० मिनिटे. बंद केला.' बराच वेळ पेन तसंच धरून बसले.

"काय लिहिताय?" मोनिकानं खोलीतून विचारलं. आवाजात अजून धार होती.

"तुझं काय काम? माझं मला लिहू दे."

आणि त्यांनी कारणाच्या जागी, एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'फायरमनची चूक.' खाली सही केली. वही कोनाड्यात मागं सरकवली, तिच्यावर तंबाखूची पिशवी ठेवली, आणि ओट्यावर येऊन धुराड्याकडं तोंड करून बसले.