जिथे पाणी मुरेना

आमची झाडांची राई जळाली, तेव्हा दादा माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. मीही रडले. जमीन आम्हा दोघा भावंडांची. त्याला विकायची होती आणि मी सही देत नव्हते. आईने जपलेली झाडं मी जिवंतपणी विकू देणार नव्हते, विषय संपला.

माती तपासणं हा माझा धंदा, म्हणून सासरी-माहेरी सगळे मला गांडूळ म्हणतात. वहिनी म्हणाली, गांडूळबाई, आता तरी हट्ट सोडा, राखेवर काय राई उगवणार आहे? मी म्हटलं, कळतंय तेवढंच बोल. वाळल्या गवताची आग वरच्यावर पळते. मातीचं नुसतं कातडं भाजतं; बोटभर खाली बुरशी, जंतू, सगळा गोतावळा शाबूत असतो. तो असला की झाडं परत येतात.

खुरपं आणि बाटल्या घेऊन गेले. काळी राख बाजूला सारली, मूठ नाकाशी धरली, मातीचा ओला वास आला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मोठ्या झाडांपाशी पोचले. तिथे जमिनीवर गोल डाग होता, विटेसारखा लाल. वरचा थर खरवडून पाणी ओतलं, तर तेलकट ताटावर राहावं तसं ते थेंब थेंब होऊन उभं राहिलं. काही काळंबेरं असलं की आपण म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे ते मुरत नव्हतं, म्हणून मला संशय आला.

प्रत्येक मोठ्या झाडाच्या बुंध्याशी तसाच डाग. गवताची काय बिशाद अशी माती भाजायची! तिथे जाड ओंडके रचलेले असणार, आणि ते रात्रभर धुमसलेले असणार. पण राईतलं वाळलेलं लाकूड तर दादाने उन्हाळ्याआधीच गाडीत भरून पाठवलं होतं, आगीची भीती नको म्हणून. निदान तसं त्याने सांगितलं होतं, आणि मी चारचौघांत त्याचं कौतुक केलं होतं.

तरी मन मानेना. सख्खा भाऊ तो! प्रयोगशाळेत माती ओलसर करून बाटल्यांत बंद केली. जिवंत माती आपल्यासारखाच श्वास सोडते, तो मोजता येतो. इतर बाटल्यांत श्वास होता. लाल मातीच्या बाटल्या मुक्या. मी त्या धुऊन पुन्हा भरल्या. माझंच काहीतरी चुकलेलं असू दे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग दादाच्या घरी जाऊन सरळ विचारलं, ओंडके कुणी रचले? तो नाही म्हणाला असता, तर मी मेलीने विश्वासही ठेवला असता. त्याने वहिनीला आत पाठवलं.

"मूठभर माती जिवंत राहिली असती तरी तू सही केली नसतीस," तो म्हणाला. "आणि ढीग लावून जाळलं की खोलवर मरते, हे तूच सांगितलंस ना मला?"

सांगितलं होतं खरं. हिवाळ्यात, याच टेबलावर. माझ्या कामाबद्दल त्या घरात कुणी कधी चकार शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी दादा हनुवटीला हात लावून ऐकत होता, मध्येच थांबवून विचारत होता, ओंडका किती जाड लागतो. मी इतकी हरखले होते, की ताटातलं अन्न गार झालं तरी बोलतच राहिले.