नागड्या कोंबड्या

आमचं बेट पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडचं, तिथं एप्रिलात पानगळ लागते. दिवस आखडायला लागले की ताईच्या कोंबड्या पिसं टाकायच्या. आधी मानेची, मग छातीची, मग पाठीची, शेवटी शेपूट. आठवड्याभरात अंगण असं दिसायचं, की कुणी उशा फाडून टाकल्यात. कोंबड्या अर्ध्या नागड्या, अंडी बंद, कोपऱ्यात अंग चोरून उभ्या. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण एदेल्मिरा, त्या दिवसांत माणसांशी धड बोलायची नाही. ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन शिंपले खणायची, कोळ्यांकडून माशांची डोकी आणायची, ती उकडून काट्यांसकट ठेचायची आणि गव्हाच्या कोंड्यात कालवून कोंबड्यांपुढे ठेवायची.

"नुसत्या दाण्यावर काय पिसं उगवतात, कपाळ?" म्हणायची. "मांसाला मांसच लागतं."

आणि तिचा एक हुकूम होता. हात लावायचा नाही. नवं पीस कातडीतून वर येतं तेव्हा ते पीस नसतं, रक्तानं भरलेली नळी असते. धक्का लागला की फुटते. आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या विसरतात, की ही आपल्यातलीच आहे.

त्या वर्षी बारा कोंबड्या होत्या. सगळ्यात जुनी काळी. नवरा गेला त्याच महिन्यात ताईनं ती आणली होती, म्हणून तिचं नाव विधवा. ताई किनाऱ्यावर गेली होती आणि जाताना मला सांगून गेली होती, "नेली, लक्ष ठेव." मी ठेवलं नाही. बाहेर बोचरी थंडी होती, मी चुलीपाशी माते, म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा, पीत बसले. एकदा कलकलाट ऐकू आला, तेव्हा म्हटलं, भांडतायत मेल्या. घोट संपवून बाहेर गेले तर विधवा कुंपणाला चिकटून पडली होती आणि अकरा जणी तिच्या पाठीवर टोचत होत्या. पाठ उघडी पडली होती. एकीच्या चोचीत आतडं होतं आणि ते ओढत ती पळत होती. विधवा अजून जिवंत होती.

ताई आली, बादली खाली ठेवली, विधवेची मान पिरगाळली.

"एक काम सांगितलं होतं तुला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात ओतिलिया भेटली, खालच्या आळीतल्या बेलार्मिनोची बायको. बेलार्मिनो ताईच्या गेलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याचं दोनशे लाल कोंबड्यांचं खुराडं होतं, अख्ख्या बेटाला अंडी तोच पुरवायचा. त्या महिन्यात किनाऱ्यावर समुद्रपक्षी मरून पडत होते आणि रेडिओवर रोज पाखरांच्या रोगाबद्दल सांगत होते. ओतिलियानं सहज विचारलं, "तुमच्या कोंबड्या बऱ्या आहेत ना गं?"

"कसल्या बऱ्या! सोलून निघाल्यात नुसत्या," मी हसत म्हणाले. "एक तर मेली काल."

कशी मेली ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर माझं माते पिणंही सांगावं लागलं असतं.

शनिवारी मी घरामागे कपडे धूत होते. ओला कपडा दगडावर आपटावा तसा आवाज आला. पुन्हा आला. पुढे गेले तर अंगणात बेलार्मिनो. तोंडाला फडकं, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, फाटकापाशी चुन्याचं पोतं, हातात मोडक्या वल्ह्याचा दांडा. खुराड्याचं दार त्यानं आधीच लावून टाकलं होतं. कोंबड्या राखेच्या खड्ड्यात अंग घोळत होत्या, तिथंच त्यानं त्यांना गाठलं. पंखांची पिसं गळलेली, कुंपणावरून उडता येईना. धावायच्या, आपटायच्या, परत यायच्या. तीन आडव्या झाल्या होत्या.

"अरे काय करतोस!" मी ओरडले.

"लांब हो, नेली. रोग आहे."

"रोग कसला? पिसं टाकतायत त्या!"

दांडा वर धरूनच तो थांबला. फडक्याच्या वर त्याचे डोळे लाल झाले होते, रात्रभर झोपला नसावा. "मग एक मेली म्हणून माझ्या बायकोला कुणी सांगितलं? तूच ना? कशानं मेली, सांग."

मी बोलले नाही. एका वाक्याचं काम होतं. तो वाट बघत होता, खरंच बघत होता. मग वळला आणि त्यानं आणखी दोन मारल्या. एकीचं डोकं फुटून माझ्या पायावर उडालं.

तेवढ्यात ताई चढ चढून आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात शिंपले खणायची कुदळ. तिनं अंगणभर नजर फिरवली. बादली सोडली आणि दोन्ही हातांनी कुदळ फिरवून त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं.

तो किंचाळला आणि धडक्या हातानं दांडा फिरवला. तो तिच्या तोंडावर बसला. ताई शिंपल्यांत पडली. तोंडातून रक्ताची गुळणी आली, तिच्यात दोन दात होते.

"वहिनी, तुमच्याच भल्यासाठी करतोय!" तो रडत ओरडत होता आणि तिच्या बरगड्यांत लाथा घालत होता. "माझ्या दोनशे मरतील! मी काय खाऊ? सांगा, काय खाऊ?" मध्येच वळून पायाशी आलेली कोंबडी त्यानं टाचेखाली चिरडली, आणि परत तिच्याकडे.

मी चुलीकडे पळाले. माशांच्या डोक्यांचं पातेलं रटरटत होतं. फडक्यानं उचललं, आणलं आणि ओतलं, त्याच्या मांड्यांवर. कढत पाणी बुटांत गेलं आणि बुटांतच राहिलं. असा आवाज मी माणसाच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही.

तो पडला, तशी ताई सरपटत गेली आणि त्याच्या छातीवर बसली. पायाशी पडलेली मेलेली कोंबडी उचलून त्याच्या तोंडावर दाबली.

"बघ! डोळे उघड, बघ!" रक्तानं तिचे शब्द धड फुटत नव्हते. कोंबडीची उघडी पाठ त्याच्या नाकाला लावून ती बोट टेकवून दाखवत होती. निळ्या निळ्या टोकांच्या नळ्या, मक्याच्या कोंबांसारख्या, सगळ्या पाठभर. "मरणारं पाखरू नवी पिसं उगवतं का रे, गाढवा? उगवतं का?"

तो बघत राहिला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. बाराव्या वर्षी तो दक्षिणेला मेंढ्या कातरायला गेला, तो चाळिशीत परत आला. आणि खुराडं घातल्यापासून दर साली पिल्लं आणायची, वर्षभर अंडी घ्यायची आणि पुढचे पानगळीचे दिवस यायच्या आत साऱ्या कोंबड्या मटणाला विकायच्या, हा त्याचा धंदा. पिसं टाकलेली कोंबडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"बूट," तो कण्हला. "वहिनी, बूट काढा."

ताईनंच काढले. मोज्यांबरोबर कातडीही आली.

शनिवारी बेटावरून एकच बोट सुटायची. दवाखान्यात जायला दोघं त्याच बोटीत बसले, एकमेकांकडे पाठ करून. मी मध्ये. ताई समुद्रात रक्त थुंकत होती.

"फार दुखतंय का, वहिनी?" त्यानं न वळता विचारलं.

"थोबाड बंद ठेव."

पोलिसांनी विचारलं तेव्हा दोघांनीही सांगितलं, धक्क्यावर घसरलो. मोडलेलं हाड, पडलेले दात, भाजलेले पाय. शिपायानं तिन्ही लिहून घेतली आणि वही मिटली. मंगळवारी पाखरांचा रोग तपासायला सरकारी डॉक्टरीण आली, मेलेल्यांचे आणि उरलेल्यांचे नमुने घेऊन गेली. पंधरा दिवसांनी कागद आला. रोग नाही, आमच्याकडेही नाही आणि बेलार्मिनोकडेही नाही.

उरल्या होत्या चार. पाचवीचा पाय तुटून लोंबत होता. त्या शनिवारी संध्याकाळी बोटीतून एकटीच परत आले, तेव्हा मी तिला मारलं. मला नीट मारता आलं नाही, तीन वेळा सुरी चालवावी लागली.

ताई घरी आली त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. माते, दुकान, आणि अंगणात गप्प राहिले तेही. तिनं माझ्या थोबाडीत मारली. मी उभीच राहिले, तर पुन्हा मारली. कान दोन दिवस वाजत होता.

"सात कोंबड्या," ती पोकळ तोंडानं म्हणाली. "आणि माझे दात. तुझ्या एका घोटापायी. ऊठ, आता खाली जा आणि ओतिलियाला सांग."

गेले, सांगितलं. ओतिलिया माझ्या तोंडावर थुंकली. मग म्हणाली, "नवरा अजून महिनाभर खाटेवरून उठणार नाही. दोनशे कोंबड्यांना मी एकटी कुठं पुरी पडू? उद्यापासून ये."

तशी मी रोज जायला लागले. मुख्य भूमीवरचा मटणवाला त्या साली आलाच नाही. कागद दाखवला, तरी म्हणाला, तुमच्या बेटाचं नाव खराब झालंय. त्यामुळे त्या लाल कोंबड्या पहिल्यांदाच थंडीपर्यंत राहिल्या, आणि मे संपता संपता त्यांनीही पिसं टाकायला सुरुवात केली. दोनशे, एका खुराड्यात, दाटीवाटीनं. एका सकाळी मी दार उघडलं तर भिंती हातभर उंचीपर्यंत लाल. कोंबड्या एकमेकींना सोलत होत्या. खाली पडलेलीवर वीस जणी, आणि त्या विसांतल्या जिच्या अंगावर रक्त उडे तिच्यावर बाकीच्या.

मी चढ चढून पळत गेले. "ताई, चल. सगळ्या मरतील."

ती चार कोंबड्यांना कोंडा घालत होती. "मरू देत त्याच्या."

"ताई."

कोंडा संपला, तसे तिनं हात पुसले, राखेचं पोतं पाठीवर घेतलं आणि सुरी कमरेला खोचली.

बेलार्मिनो कुबडीवर दारात उभा होता. तिला बघून बाजूला झाला. ताई आत शिरली, आधी झडपा लावून अंधार केला. मग हातानं चाचपत एकेक जखमी कोंबडी बाहेर दिली. ज्या वाचणार होत्या त्यांना मी राख लावून टोपल्यांत वेगळं ठेवत होते. ज्या वाचणार नव्हत्या त्या ती स्वतः कापत होती, एकाच फटक्यात, आणि बेलार्मिनो एका हातानं त्या बादलीत टाकत होता. दुपारपर्यंत एकतीस झाल्या. तिचे हात कोपरापर्यंत भरले होते.

"उद्यापासून माशांची डोकी आणायची," बाहेर येऊन ती त्याला म्हणाली. "उकडून, ठेचून. दाटी कमी करायची. आणि कुणाला हात लावायचा नाही."

"बरं, वहिनी."

"मला वहिनी म्हणू नकोस," ताई म्हणाली, आणि हात धुवायला पंपाकडे गेली.