मिस कॉल म्हणजे फोन नव्हे

बिबवेवाडीतल्या आमच्या दुकानात मिक्सर विकतात, बिघडलेले नीट करून देतात आणि गिऱ्हाइकाला शहाणपण फुकट शिकवतात. हे शेवटचं खातं मालकांचं, श्यामसुंदरकाकांचं. मी सुनीती, गल्ल्यावर बसते आणि फोन घेते. म्हणजे घेत होते.

दुपारी पहिल्या रिंगला फोनला हात लावायचा नाही, हा दुकानाचा नियम. एकदाच वाजून थांबला की तो कोथरूडहून, काकांच्या घरून. मंदाकिनीकाकूंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो. घरच्या फोनवर दुकानासाठी एक मोठं बटण लावलेलं आहे. ते दाबून काकू एक रिंग द्यायच्या. जेवले, बरी आहे, एवढाच अर्थ. मगच काका डबा उघडायचे. मोबाईल ते वापरत नाहीत. काम असेल तो दुकानात येईल म्हणतात.

मग त्यांचा मुलगा शौनक इंटरनेटवरचा फोन बसवायला आला. आयटीत नोकरी, त्यामुळे जग सुधारायची घाई. लॅपटॉप उघडून म्हणाला, "बाबा, कॉल राउटिंग सेट करतोय. कुठला कॉल कुणाकडे वळवायचा ते सांगा. घरून फोन येतात का? डायरेक्ट तुमच्या टेबलावर देतो."

काका मान वर न करता म्हणाले, "घरून फोन येत नाही. मिस कॉल येतो."

"मिस कॉल म्हणजे काय फोन आहे का, बाबा!"

काकांनी समोरचा उघडा मिक्सर पुढे ओढला. बायकोची रिंग ऐकल्याशिवाय घास उतरत नाही, हे पोटच्या पोराला कसं सांगणार? मी तोंड उघडलं, तर शौनक म्हणाला, "सुनीतीताई, तुमचाच त्रास वाचवतोय." संपला विषय.

नवा फोन वाजायच्या आत स्वतःच उचलतो. शौनकची बायको कादंबरी, तिच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगतो, "नवीन मिक्सरसाठी 'खरेदी' म्हणा. बिघाड असल्यास 'दुरुस्ती' म्हणा." समोरचा बोलला नाही तर, "आपला आवाज ऐकू आला नाही. कृपया पुन्हा बोला." आणि शेवटी ठेवून देतो. गिऱ्हाइकं खूश, शौनक खूश.

दुपारची रिंग मात्र येईना. काका फोनकडे बघत बसायचे आणि डबा तसाच घरी न्यायचे.

"काकू बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. रुसली असेल."

घरी जाऊन विचारलंत का, तर नाही! असला मानीपणा काय जाळायचाय? शेवटी एका दुपारी मीच त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आले ते डोळे सुजवून. तुटक तुटक सांगत गेले. काकू पलंगावर घामाघूम होऊन बसल्या होत्या. रिसीव्हर कानाला, आणि वाकड्या तोंडाने बोलायची नुसती धडपड. रिसीव्हरमधून सुनेचा आवाज म्हणत होता, आपला आवाज ऐकू आला नाही. काकूंना सांभाळणाऱ्या विमलाबाई म्हणाल्या, "रोजच करत्यात की. मला वाटलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय."

शौनकने येऊन घरचा नंबर काकांच्या टेबलाकडे वळवला. तीनतीनदा तपासून बघितला. मला त्याचीही दया आली. काकांनी काकूंना सांगितलंच होतं, आता मध्ये कुणी बोलणार नाही, पूर्वीसारखी रिंग दे.

दुपारी फोन वाजला. काकांचा चेहरा उजळला. पण फोन थांबेना, वाजतच राहिला. काकांनी घाबरून उचलला. स्पीकर चालू होता. आधी नुसता श्वास. मग घोगरं, ओढून आणलेलं एकेक अक्षर.

"दु... रु... स्ती."

वाचा गेल्यापासून काकूंचा हा पहिला शब्द. जन्मभर नवऱ्याला 'अहो' म्हणत आलेली बाई, पण आला तो 'अहो'सुद्धा नाही. नवऱ्यापर्यंत पोचायला हाच शब्द लागतो असं समजून तिने तो इतके दिवस घोटला होता.

काकांना "मी आहे" म्हणायचं होतं. पण त्यांचा हुंदका घशातच अडकला, आवाजच निघेना. पलीकडे काकूंना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सगळा जीव एकवटला आणि म्हणाल्या, "दुरुस्ती."