लहकरकाकांच्या ओसरीवरची शराई

मी एक जुनी शराई आहे, उंच पायाचं काशाचं तबक. आमच्या आसामात तामूल, म्हणजे सुपारी, आणि विड्याचं पान माझ्यात घालूनच पाहुण्यापुढे ठेवतात. आमंत्रण तसंच देतात, क्षमाही तशीच मागतात. मित्रांनो, पुढचं मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

सार्थेबारीच्या कारागिरांनी मला ठोकून घडवलं आणि मी महीधर लहकरांच्या ओसरीवर आले. ते निवडून दिल्लीला गेले, तेव्हा माझ्यातलं तामूल दुपारीच संपायचं, इतकी माणसं येत. संसदेत ते एकदाच बोलले, आमच्या नाहरबारी गावाला हायस्कूल हवं म्हणून. शाळा झाली. पुढच्या निवडणुकीत ते पडले.

"दिल्लीहून काय आणलंत, काका?" लोक चिडवायचे.

"सर्दी!" ते म्हणायचे, आणि आधी स्वतःच हसायचे.

हळूहळू लोक यायचे थांबले. तरी काका रोज ताजं तामूल कापून ठेवत. संध्याकाळी ते वाळलेलं असे.

यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली. काका आमंत्रणाची वाट पाहत होते. उत्सवाच्या आदल्या दिवशी समितीचे टंकेश्वर डेका आले. काकांनी लगबगीने खांद्यावरचा गामोसा, आमचं लाल काठाचं उपरणं, सारखा केला.

"काका, उद्या मंत्र्यांच्या स्वागताला तुमची शराई हवी. एवढी देखणी गावात दुसरी नाही."

"आणखी काही?"

"आणखी काय? लखलखीत करून ठेवा, सकाळी नेतो!"

काका मला राखेने घासत बसले.

"अहो, जा की तुम्ही," काकू म्हणाल्या. "शाळा तुमचीच."

"तामूल पुढे न ठेवता बोलावणं असतं का, हेम?"

सकाळी मला नेलं, तेव्हा ते धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले होते.

मंचावर मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव पुकारलं. कोणीच उठलं नाही.

"काकांना बोलवायला कोण गेलं होतं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"घरच्या माणसाला कसलं तामूल?" टंकेश्वर पुटपुटले. "मला वाटलं, येतीलच."

मी तिथेच होते. मला तोंड असतं तर!

संध्याकाळी टंकेश्वरांनी माझ्यात तामूल-पान ठेवलं, मला काकांच्या पुढे मांडलं आणि गुडघे टेकले. काकांनी तामुलाची एक फोड उचलली, कपाळाला लावली, न खाताच परत ठेवली.

"येईन हं," ते म्हणाले. "शंभराव्या वर्षाला."

या वेळी मात्र ते हसले नाहीत.

माघात ते गेले. ती फोड काकूंनी अजून माझ्यातून काढलेली नाही.

मित्रांनो, ज्यांना घरचं म्हणता, त्यांच्याही दारी जा. त्यांनाही बोलवा.