पोरपॉइजच्या घशातले तांदूळ

मी एक जुना सुरा आहे. कोरियातल्या उल्सानच्या लोहाराने मला देवमासे सोलण्यासाठी घडवले. देवमासा धक्क्याला लागला की पोरे टाळ्या पिटत आणि माझा धनी मला मिरवत असे. पुढे शिकारीवर बंदी आली आणि मी अडगळीत पडलो. येजू नावाच्या पशुवैद्य मुलीने मला तिथून उचलून धार लावली. आता किनाऱ्यावर वाहून आलेली मेलेली जनावरे मी फाडतो आणि ती कशाने मेली ते येजू शोधते. मित्रांनो, त्यांच्या पोटांत मी काय काय पाहिले! पिशव्या, गळ, दोऱ्यांची भेंडोळी.

परवा एक गाभण पोरपॉइज, म्हणजे डॉल्फिनच्या भाऊबंदांतली छोटी मासोळीसारखी दिसणारी, वाळूवर आली. अशा जिवांना सुटायला जाळ्यांत वाट ठेवायची की नाही, हे गाव त्याच दिवशी ठरवणार होते. कोळ्यांचा म्होरक्या प्यो मान्सिक आधीच हजर! त्याने तिच्यावर तांदळाची दारू शिंपडली, वाकून नमस्कार केला, डोळेही पुसले.

"आजारी असणार बिचारी. तसंच लिहा, डॉक्टरीणबाई. त्या वाटेनं मासेही पळतात, मग आम्ही काय वाळू खायची?"

"आधी बघू तर द्या, काका."

मी पोट उघडले. आत ताजे मासे गच्च भरलेले, फुप्फुसांत फेस. आजारी जीव इतके जेवतो का? मासे खाता खाता ती जाळ्यात अडकली आणि श्वासाला वर येता न आल्याने गुदमरली होती. येजूने जबडा उघडला, तर घशाशी काळेपांढरे कच्चे तांदूळ. मेल्याला गिळता येत नाही, म्हणून ते तिथेच अडकलेले.

मान्सिकची म्हातारी आई पुढे झाली. "ही मिसळ माझ्याच डब्यातली. मेलेल्याच्या तोंडात तांदूळ घरचा माणूस घालतो. तूच ना रे?"

"जाळ्यात मेलेली दिसली, जीव तुटला, आई. तशीच समुद्रात कशी फेकू?"

"मी जाळ्याला वाट ठेव म्हणत होते, तेव्हा कुठं गेलेला तुझा जीव?"

मला त्या दारूची, त्या नमस्काराची शिसारी आली. आपणच मारायचे, आपणच सुतक पाळायचे आणि बिल फाडायचे आजाराच्या नावावर!

येजूने पूर्ण वाढलेले पिलू बाहेर काढले. मान्सिकने त्याच्यासाठी तांदूळ मागितले. म्हातारीने त्याचा हात झिडकारला.

"यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं रे. जा, आधी जाळं उसवून वाट कर."

तो खाली मान घालून जाळ्यांकडे गेला. मित्रांनो, समुद्रातल्या जिवांना मेल्यावर काही नको असते. त्यांना जिवंतपणी वाट द्या. त्यापायी मी बेकार झालो तरी चालेल.